हादरा मोजायचा तर

जमिनीचा हादरा मोजणारं यंत्र घ्यायचंय, कोणतं घेऊ, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. खडी क्रशरवाले विचारतात, पूल बांधणारे ठेकेदार विचारतात, अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक विचारतात. किंमत आणि कंपनी याच दोन गोष्टी त्यांना ऐकायच्या असतात. मी मात्र उलट विचारतो, हादरा कशाचा आणि तो पोचतोय कुठे? खाणीतल्या सुरुंगाचा, पाया ठोकणाऱ्या यंत्राचा, भुयारी रेल्वेचा की धरणाखालच्या भूकंपाचा? याचं उत्तर मिळाल्याशिवाय यंत्राचं नाव सांगणं म्हणजे समोरच्याचे पैसे वाया घालवणं.

माझं बहुतेक काम खाणींच्या आसपास झालं. चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळशाच्या खुल्या खाणी, पुण्या-नगरकडच्या दगडखाणी आणि मधल्या काळात मुंबईत थोडं बांधकामाचं काम. सुरुंग उडतो, पाचशे-सातशे मीटरवरच्या घरातली भांडी वाजतात, भिंतीला चीर असते, आणि खाण व गाव यांच्यात वाद उभा राहतो. त्या वादात दोन्ही बाजू ज्या आकड्याकडे बोट दाखवतात, तो आकडा आमच्या यंत्रातून येतो. म्हणून यंत्राची निवड आणि निगा या दोन गोष्टींकडे मी कधीच निव्वळ तांत्रिक काम म्हणून पाहू शकलो नाही.

सुरुंगाच्या कामात आपण मोजतो तो जमिनीच्या कणांचा वेग, मिलिमीटर दर सेकंदात. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ सालचं परिपत्रक आजही आमच्या कामाचा आधार आहे. खाणमालकाच्या मालकीची नसलेली राहती घरं असतील, तर हादऱ्याची मुख्य वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असताना मर्यादा ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झच्या दरम्यान १० आणि २५च्या वर १५. ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० होतात. वेग तोच असला तरी हादरा जितका संथ, तितकी मर्यादा कडक, कारण साधी एक-दोन मजली घरं स्वतः कमी वारंवारतेलाच डोलतात. आलेला हादरा त्या डोलण्याशी जुळला की घर त्याला साथ देतं आणि भिंतीवर ताण येतो.

एका खाणीजवळच्या वस्तीत आम्हाला ६ मिलिमीटरचा आकडा मिळाला होता. खाणीच्या कार्यालयात पहिली प्रतिक्रिया आली, "सहा म्हणजे काहीच नाही, दहापर्यंत चालतं." पण नोंदीतली वारंवारता ६ हर्ट्झ होती. तिथे मर्यादा दहाची नव्हतीच, पाचची होती. खाण आणि वस्ती यांच्यामध्ये मातीचा जाड थर होता. अंतर वाढलं की अशा थरातून जाताना वरच्या वारंवारता झिजतात आणि संथ लाटा पुढे जातात. एका डिलेला, म्हणजे एकाच क्षणी, उडणारी स्फोटकं कमी केली, भोकांची जुळणी बदलली, तेव्हा आकडा खाली आला. तिथलं यंत्र ५ हर्ट्झच्या आसपास प्रामाणिक नसतं, तर हा हादरा तीन-चार मिलिमीटरचा दिसला असता आणि वस्तीची तक्रार खोटी ठरली असती.

यंत्र निवडताना पहिली पाहायची गोष्ट हीच. या कामातल्या बहुतेक यंत्रांच्या पोटात जिओफोन असतो. नाजूक स्प्रिंगांवर टांगलेली तारेची गुंडाळी आणि तिच्याभोवती चुंबक. जमीन हलली की चुंबक हलतं, गुंडाळी मागे राहते आणि तारेत वेगाच्या प्रमाणात विद्युतदाब तयार होतो. त्याला बाहेरून वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि थेट वेगच देतो. पण प्रत्येक जिओफोनची एक स्वतःची वारंवारता असते. आमच्या कामातल्या जिओफोनची ती साधारण ४.५ हर्ट्झ असते. तिच्या खाली त्याचा प्रतिसाद झपाट्याने पडतो. चांगले उत्पादक इलेक्ट्रॉनिक भरपाई करून तो २ हर्ट्झपर्यंत सपाट करतात. स्वस्तातल्या यंत्रांत ही भरपाई नसते किंवा तिचा आलेख द्यायला विक्रेता टाळाटाळ करतो. माहितीपत्रकात '२ ते २५० हर्ट्झ' छापलेलं असलं तरी त्या टोकांना चूक किती टक्के, हे लेखी मागावं. ते देत नसेल त्याचं यंत्र मी घेत नाही.

त्वरणमापी घ्या, तो आधुनिक आहे, असाही सल्ला मिळतो. त्वरणमापी वाईट नाही. यंत्रांचे पाये, कठीण खडक, स्फोटाच्या अगदी जवळची जागा, म्हणजे जिथे वारंवारता वरची आणि झटका मोठा आहे, तिथे तोच लागतो. पण त्वरणातून वेग काढायचा तर गणिताने बेरीज करत जावं लागतं, आणि संथ हादऱ्यात लहानशी विद्युत खळखळही त्या बेरजेत फुगत जाते. गावातल्या घराजवळ तीन दिशांचा जिओफोन आणि सोबत हवेचा दाब मोजणारा मायक्रोफोन, एवढं मला पुरेसं वाटतं.

भूकंपाचं काम पूर्णपणे वेगळं. तिथे काही मिनिटं चालणाऱ्या अतिसंथ लाटाही पकडायच्या असतात, आणि दुसरीकडे जागेवरचा जबर झटका कोलमडून न पडता नोंदवणारं यंत्रही लागतं. कोयनेचं उदाहरण आमच्या क्षेत्रात जगभर दिलं जातं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरणलेखक बसवलेला होता आणि तो चालू होता. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पट एवढा झटका त्याने नोंदवला. तोवर काँक्रीटच्या धरणांचे आराखडे यापेक्षा कितीतरी कमी झटका धरून केले जात. त्या एका नोंदीवर जगभरच्या धरण अभियंत्यांनी पुढची अनेक वर्षं काम केलं. अशा यंत्राला वर्षानुवर्षं काहीच घडत नसतानाही जागं ठेवावं लागतं. देखभालीचं मोल मला कोणी विचारलं, तर मी कोयनेचं नाव घेतो.

मायक्रोफोन आमच्याकडचे लोक फालतू खर्च समजतात आणि खरेदीत पहिली कात्री त्यालाच लागते. ते चुकीचं आहे. गावातली माणसं सांगतात, "दोनदा हादरतं साहेब, एकदा बारीक अन् मंग जोरात." ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस वाढवून सांगतोय. तो खरं तेच सांगत असतो. घर सातशे मीटरवर असेल तर जमिनीतली लाट अर्ध्या सेकंदाच्या आत पोचते. हवेतला दाब आवाजाच्या वेगाने येतो, त्याला दोन सेकंद लागतात. पहिला हादरा पायातून कळतो. दुसरा दारं-खिडक्या, टिनाचे पत्रे, मांडणीवरची भांडी वाजवतो, आणि माणसाला तोच जोरदार वाटतो. मायक्रोफोन नसेल, किंवा यंत्र दोनच सेकंदांची नोंद करून थांबणारं असेल, तर हा दुसरा धक्का कागदावर येतच नाही. मग अहवाल म्हणतो एकच हादरा आणि गाव म्हणतं दोन. उपायही वेगळे असतात. जमिनीतला हादरा कमी करायला एका डिलेतली स्फोटकं कमी करायची, हवेतला कमी करायला भोकाच्या तोंडाशी ठासायचं भरण, म्हणजे स्टेमिंग, सुधारायचं, ढगाळ किंवा वस्तीकडे वारा असलेल्या वेळी सुरुंग टाळायचा. कोणता हादरा त्रास देतोय हेच माहीत नसेल, तर उपाय कशावर करणार? म्हणून यंत्र घेताना नोंदीची लांबी आपल्याला ठरवता येते का, हे मी तपासतो. स्फोटाचा पूर्ण काळ, त्यावर दोन सेकंद आणि आवाज पोचायला लागणारा वेळ, इतकी नोंद हवीच.

यंत्र बसवणं ही माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट. लाखांचं यंत्र आणतात आणि जिओफोन असलेला सेन्सर घरासमोरच्या ओट्यावर, सुट्या फरशीवर ठेवून मोकळे होतात. फरशी खालून पोकळ असेल तर ती स्वतःच थरथरते आणि यंत्र जमिनीचा हादरा न दाखवता फरशीचा दाखवतं. कधी आकडा दुप्पट येतो, कधी निम्मा. दुप्पट आला तर खाणीवर अन्याय, निम्मा आला तर घरावर. परिपत्रकातली मर्यादा वास्तूच्या पायापाशी लागू होते. म्हणून सेन्सर घराच्या खाणीकडच्या बाजूला, पायाजवळच्या न उकरलेल्या जमिनीत बसवायचा, भिंतीपासून तीन मीटरच्या आत. गच्चीवर किंवा माडीवर कधीच नाही. वर गेलं की घराचं डोलणं हादऱ्यात मिसळतं.

हादरा किती अपेक्षित आहे, यावर सेन्सर कसा धरून ठेवायचा हे ठरतं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ एक्स्प्लोझिव्हज इंजिनिअर्स या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत त्वरणाच्या पायऱ्या दिल्या आहेत. गुरुत्व त्वरणाच्या ०.२ पटीपर्यंत अपेक्षा असेल तर पुरणं किंवा जखडणं आवश्यक नाही, ०.२ ते १ पटीत ते केलेलं बरं, त्यावर अनिवार्य. हिशेब सोपा आहे. ३० हर्ट्झला १५ मिलिमीटर वेग म्हणजे साधारण ०.२९ पट त्वरण. म्हणजे अशा वारंवारतेला मर्यादेच्या जवळ जाणारा हादरा अपेक्षित असेल, तर सेन्सर नुसता ठेवून चालणारच नाही. मी तर हिशेब न करता सरळ पुरतो. सेन्सरच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा, तळ सपाट, खिळे तळात रोवलेले, आणि वरून तीच माती थराथराने ठोकून भरलेली. पुरणं शक्य नसेल तर साडेचार किलोंच्या आसपासची, सैल भरलेली वाळूची पिशवी त्यावर अशी ठेवायची, की ती सेन्सरच्या चारही बाजूंनी जमिनीला टेकेल. पिशवी गच्च भरली तर ती सेन्सरच्या डोक्यावर तोल सावरत बसते आणि काहीच धरत नाही.

आपल्याकडे या सगळ्यावर काळ्या मातीचं संकट आहे. परदेशी पुस्तिकांत हे प्रकरण सापडत नाही. मे महिन्यात काळी जमीन हातभर खोल भेगाळते. वरचं ढेकूळ खालच्या जमिनीपासून सुटलेलं असतं आणि त्यात रोवलेले खिळे त्या ढेकळासकट हलतात. तव्यावरच्या लाहीसारखा सेन्सर जागेवर उडतो आणि नोंदीवर खऱ्या लाटेच्या अंगावर काटेरी टोकं दिसतात. जुलैत तीच माती लोण्यासारखी मऊ होते, सेन्सर कलतो आणि आडव्या दिशांचे जिओफोन अडकतात. उभा जिओफोन थोडा कल सहन करतो, आडवा मात्र काही अंशांपलीकडे गेला की त्याची गुंडाळी टेकते. म्हणून काळ्या जमिनीत मी वरचा भुसभुशीत थर काढून मुरमापर्यंत जातो. मुरूम फार खोल असेल तर लहान खड्ड्यात सिमेंटचा गोळा आठवडाभर आधी ओतून ठेवतो आणि त्यावर सेन्सर बोल्टने बसवतो. त्यालाही मर्यादा आहे. गोळा फार मोठा केला तर तो स्वतःचं वजन घेऊन जमिनीपासून वेगळा वागू लागतो. सेन्सरपेक्षा थोडाच मोठा, जमिनीच्या पातळीत बुडालेला असावा.

चंद्रपूर भागातल्या एका गावात असाच खड्डा खणत होतो. कवेलूचं घर, शेणाने सारवलेलं अंगण. घरातली आजी खाटेवर बसून सगळं पाहत होती. शेवटी म्हणाली, "बाबू, हा डब्बा माह्या बाजूनं बोलन का खाणीच्या?" मी तिला जवळ बोलावलं. सेन्सरवरचा पाणसळीचा बुडबुडा दाखवला, बाण खाणीच्या दिशेला आहे हे दाखवलं आणि तिला अंगणात पाय आपटायला सांगितलं. पडद्यावर रेघ उसळली. तिने पुन्हा आपटला, पुन्हा उसळली. नंतर खाणीचा सुरुंग उडाला. नोंद आली साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, १२ हर्ट्झला. मर्यादा १०. आकडा नियमात होता, आणि घरात बसलेल्या माणसाला तो स्पष्ट जाणवलाही होता. माणसाला ०.३ मिलिमीटरचा हादराही घरात बसून कळतो, म्हणजे घराला इजा करणाऱ्या पातळीच्या किती तरी खाली. लोकांना भीती वाटते ती खरीच असते, आणि आकडा नियमात असणंही खरं असतं. या दोन्ही गोष्टी त्या आजीला तिथेच, कागद दाखवून सांगितल्या.

तिच्या भिंतीला तिरपी चीर होतीच. ती सुरुंगाची की काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याची, हे हादरामापक यंत्र सांगू शकत नाही आणि सांगतं असा दावाही कुणी करू नये. त्यासाठी आम्ही चिरेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली, तारीख लिहिली आणि फोटो काढला. मे महिन्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर मातीची असते. अशा पाहणीला पैसे लागत नाहीत म्हणूनच बहुधा ती कुणी करत नाही. खाण सुरू होण्याआधी गावातल्या प्रत्येक घराची तारखेसह छायाचित्रं घेतली, तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत भुयारी रेल्वेच्या काळात जुन्या इमारतींजवळ काम केलं, तेव्हा प्रश्नच बदलला. तिथे एका झटक्याचा सुरुंग नव्हता, तासन्‌तास चालणारी यंत्रं होती. ठरावीक पातळीचा हादरा आला तरच नोंद करणारं, म्हणजे ट्रिगरवर चालणारं यंत्र तिथे अपुरं पडतं. दर मिनिटाला त्या मिनिटातला सर्वांत मोठा आकडा लिहीत जाणारी सलग नोंद हवी. जर्मन मानक डीआयएन ४१५०मध्ये वारसावास्तूंसाठी पायापाशी, १० हर्ट्झपर्यंत, ३ मिलिमीटरची मार्गदर्शक मर्यादा आहे. इतक्या लहान आकड्यांशी काम असलं की रस्त्यावरची बस, जिन्यातली पावलं, पाण्याचा पंप, सगळंच नोंदीत येतं. सलग नोंदीचा आणखी एक फायदा म्हणजे यंत्र त्या वेळी चालू होतं याचा पुरावा राहतो. खाणीच्या कामातही 'यंत्राने काहीच पकडलं नाही, म्हणजे हादरा नव्हता' असं सांगणारे अहवाल मी पाहिले आहेत. यंत्र जागं होतं हे सिद्ध होत नसेल, तर त्या वाक्याला काही किंमत नाही.

आता निगेबद्दल. यंत्र बिघडतं ते बहुतेक वेळा पेटीच्या आत नाही. ते बिघडतं केबलच्या टोकाला. सेन्सरची केबल जिथे पेटीत घुसते, त्या कनेक्टरच्या पिना मी भिंगाखाली पाहतो. पावसाळ्यानंतर एखाद्या पिनेच्या बुडाशी हिरवट पूड दिसते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. ती पूड म्हणजे ओल्या हवेत गंजलेलं तांबं. एवढ्याशा पुडीने एका दिशेचा संकेत खालावतो आणि बाकीच्या दोन दिशा व्यवस्थित असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश, पूर्ण वाळवणं, रबरी कड्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, आणि काम नसताना टोपण लावलेलं. पेटीत सिलिका जेलची पिशवी असतेच, पण तिचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वाळवायची असते हे लोक विसरतात.

केबल धरून सेन्सर खड्ड्यातून ओढून काढणाऱ्या मुलाला मी तिथेच थांबवतो. केबलच्या आतली तार कनेक्टरच्या मानेपाशी तुटते, बाहेरचं आवरण अखंड राहतं, आणि मग ती तार थंडीत जुळते, उन्हात सुटते. असला दोष शोधायला आठवडे जातात. शेतातून केबल नेताना ती पीव्हीसी पाइपातून न्यावी. उंदीर, खारी आणि बैलाचे खूर, तिघांपासूनही ती वाचते.

चंद्रपूरचा उन्हाळा बॅटरीची परीक्षा पाहतो. सावलीत पारा ४५च्या पुढे जातो. उन्हात ठेवलेल्या काळ्या पेटीच्या आत काय होत असेल, कल्पना करा. पांढरं कापड, त्याखाली हवा खेळती राहील अशी टोपली, एवढ्याने बराच फरक पडतो. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी ठेवून दिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि पुढच्या मोसमात ती पूर्ण भरल्यासारखी दिसते, पण रात्रीतून संपते. काम असो नसो, महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायची. घड्याळही असंच. यंत्राचं घड्याळ आणि खाणीच्या ब्लास्टिंग रजिस्टरातली वेळ जुळत नसेल, तर नोंद कोणत्या सुरुंगाची यावर वाद होतो आणि चांगली नोंदही निरुपयोगी ठरते. दर कामाच्या सकाळी घड्याळ लावणं हा आमच्याकडे नियम आहे.

बहुतेक यंत्रांत एक आत्मपरीक्षण असतं. बटण दाबलं की यंत्र जिओफोनच्या गुंडाळीला विजेचा लहान झटका देतं आणि ती डोलून कशी शांत होते ते पाहतं. निरोगी गुंडाळी एकदा उलट्या बाजूला थोडी जाऊन गपकन स्थिरावते. अडकलेली असेल तर रेघ बुटकी येते, आणि डोलणं आवरणारं दमन बिघडलं असेल तर ती बराच वेळ डोलत राहते. मी 'पास' हा शब्द वाचून समाधान मानत नाही, तिन्ही दिशांच्या रेघा छापून मागच्या महिन्याच्या रेघांशेजारी ठेवतो. बदल आकड्यात येण्याआधी तिथे दिसतो. तरी हे परीक्षण सेन्सर जमिनीला नीट बसलाय की नाही, हे सांगत नाही. ते काम हातांचं आणि डोळ्यांचं आहे.

दुसरी तपासणी मी प्रत्येक मोसमाआधी करतो आणि ती करायला प्रयोगशाळा लागत नाही. जवळची सगळी यंत्रं एकाच काँक्रीटच्या पायावर शेजारी शेजारी, एकाच दिशेने बसवायची आणि एकाच हादऱ्याची नोंद घ्यायची. रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. एखादी वेगळी पडली तर ते यंत्र बाजूला. ज्यांच्याकडे एकच यंत्र आहे, त्यांनी वर्षातून एकदा शेजारच्या खाणीतलं मागून आणावं. यात संकोच कसला?

कॅलिब्रेशन वर्षातून एकदा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, कंपन-टेबलावर, प्रमाण संवेदकाच्या शेजारी ठेवून. खरेदीच्या वेळीच विचारावं की हे भारतात होतं की यंत्र परदेशी पाठवावं लागतं. पाठवावं लागत असेल तर तेवढे आठवडे हाती काय असणार? सुटे भाग, केबल, चार्जर कुठे मिळतात? मोठ्या नावाचं यंत्र घेऊन दुसऱ्या वर्षी कॅलिब्रेशनचा खर्च परवडत नाही म्हणून तसंच वापरणारे मी पाहिले आहेत. त्यापेक्षा साधं यंत्र घ्यावं आणि ते दरवर्षी तपासावं. प्रमाणपत्र आलं की शेवटचं पान उघडून प्रत्येक वारंवारतेला किती टक्के फरक आला, तेही वाचावं. आणि यंत्र जीपमधून पडलं, पाण्यात गेलं, तर प्रमाणपत्राला चारच महिने झालेत म्हणून थांबू नये, लगेच तपासून घ्यावं. आमच्याकडे प्रत्येक यंत्राची स्वतःची वही आहे. कुठे गेलं, कुणी बसवलं, पडलं का, बॅटरी कधी बदलली, सगळं त्यात. वाद न्यायालयात गेला तर मला अहवालापेक्षा ती वही जास्त उपयोगाची वाटते.

नव्या मुलांना शिकवताना मी यंत्राच्या आधी कुदळ हातात देतो. सॉफ्टवेअर ती दोन दिवसांत शिकतात. खड्डा नीट खणायला, माती हातात घेऊन ती भुसभुशीत की घट्ट हे ओळखायला, बुडबुडा मध्यावर आणायला मात्र एक पावसाळा आणि एक उन्हाळा जावा लागतो. घाईत बसवलेल्या सेन्सरच्या नोंदीवर सही करायची नाही, मग खाणीचा अधिकारी घड्याळ दाखवो की सरपंच.

वाचकांपैकी कुणाच्या गावाजवळ खाण, क्रशर किंवा बोगद्याचं काम असेल, तर एक विनंती. मोजणीला माणसं आली की घरात बसून राहू नका, अंगणात या. सेन्सर पुरला की नुसता ठेवला, तुमच्या भिंतीपासून किती अंतरावर ठेवला, हे पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुरुंगाची वेळ लिहून ठेवा आणि एक हादरा जाणवला की दोन, तेही लिहा. ग्रामपंचायतीमार्फत अहवाल मागा, पण नुसता एक आकडा घेऊ नका. वेग, वारंवारता, तिन्ही दिशांच्या पूर्ण रेघा आणि हवेच्या दाबाची रेघ मागा. त्याच कागदासोबत यंत्राचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचा यंत्राचा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी ताडून बघा. क्रमांक जुळत नसेल किंवा प्रमाणपत्र वर्षापेक्षा जुनं असेल, तर मोजणी पुन्हा करून मागा.